पाणी आणि प्रकाशातून हायड्रोजनेशन: डहाणू-तारापूर पट्ट्यासाठी या 'हिरव्या' रसायनशास्त्राचा अर्थ काय?

डहाणू तालुक्यातल्या रानशेतसारख्या गावाच्या दोन बाजूंना दोन मोठे रासायनिक पट्टे आहेत. दक्षिणेला तारापूरची औद्योगिक वसाहत आणि उत्तरेला गुजरातच्या हद्दीपलीकडे वापी. डहाणू आणि तलासरीतली अनेक तरुण मुलं रोजगारासाठी यापैकी एका दिशेला जातात. मधला डहाणू तालुका मात्र १९९१ पासून कायद्याने 'पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील' आहे. सर्वाधिक प्रदूषण करणारे कारखाने इथे उभे राहू शकत नाहीत.

या दोन्ही पट्ट्यांतल्या औषधं, रंग आणि त्यांची कच्ची रसायनं बनवणाऱ्या उद्योगांत एक प्रक्रिया सर्रास वापरली जाते. तिचं नाव हायड्रोजनेशन. हायड्रोजन वायूचे सिलिंडर न आणता साध्या पाण्यातून आणि प्रकाशाच्या मदतीने ही प्रक्रिया करता येईल का, यावर गेल्या काही वर्षांत जगभर संशोधन सुरू आहे. त्याचे निष्कर्ष नामांकित शोधपत्रिकांत प्रसिद्ध झाले आहेत आणि 'हिरवं हायड्रोजनेशन' हा शब्दही रूढ होऊ लागला आहे.

हे तंत्र खरोखर हिरवं आहे का? आणि पालघर जिल्ह्याच्या दृष्टीने त्याने काय बदलेल?

हायड्रोजनेशन म्हणजे काय?

सेंद्रिय रेणूला हायड्रोजनचे अणू जोडणं म्हणजे हायड्रोजनेशन. याचं घराघरात पोहोचलेलं उदाहरण म्हणजे वनस्पती तूप. पातळ तेलाच्या रेणूंना हायड्रोजन जोडला की ते घट्ट होतं. मुंबईत शिवडीला १९३२ मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना सुरू झाला आणि १९३७ पासून 'डालडा' हे नाव बाजारात आलं. ही प्रक्रिया अर्धवट झाली की ट्रान्स फॅट तयार होतं. म्हणूनच जानेवारी २०२२ पासून भारतात खाद्यतेल आणि स्निग्ध पदार्थांत ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणण्यात आली.

औषधं आणि रंगांच्या उद्योगात हायड्रोजनेशनचं महत्त्व याहून मोठं आहे. नायट्रोबेंझिनपासून अॅनिलीन बनवायचं असो किंवा पॅरासिटामॉलसाठी लागणारं पॅरा-अमिनोफिनॉल, दोन्हीकडे नायट्रो गटाचं रूपांतर अमिनो गटात करावं लागतं. हे काम आज बहुतेक ठिकाणी हायड्रोजन वायू आणि निकेल, पॅलेडियम यांसारख्या धातूंचे उत्प्रेरक वापरून होतं. उत्प्रेरक म्हणजे स्वतः खर्ची न पडता प्रक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ. अशा हायड्रोजनेशनचा पाया घालणारे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल साबातिए यांना १९१२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं होतं.

आजच्या पद्धतीत अडचण कुठे आहे?

दोन ठिकाणी आहे. पहिली हायड्रोजन कुठून येतो ही. जगातला बहुतेक हायड्रोजन आजही नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून बनतो. नैसर्गिक वायूपासून १ किलो हायड्रोजन बनवताना साधारण ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. १ टन अॅनिलीनसाठी सुमारे ६५ किलो हायड्रोजन लागतो. म्हणजे नुसत्या हायड्रोजनपोटी ६०० किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

दुसरी अडचण सुरक्षिततेची. हवेत ४ ते ७५ टक्के इतक्या मोठ्या टप्प्यात हायड्रोजन पेट घेऊ शकतो आणि त्यासाठी अगदी बारीक ठिणगीही पुरते. हा वायू उच्च दाबाच्या नळकांड्यांमधून ट्रकवर आणायचा, कारखान्यात साठवायचा आणि पुन्हा दाबाखाली रिअॅक्टरमध्ये सोडायचा. त्यासाठी चांगली यंत्रणा आणि प्रशिक्षित माणसं लागतात. तारापूर परिसराला स्फोट आणि आगी नव्या नाहीत. ११ जानेवारी २०२० रोजी तिथल्या एका रासायनिक कारखान्यातल्या स्फोटात ८ जणांचा जीव गेला. प्रत्येक दुर्घटनेमागे हायड्रोजन असतो असं नाही. पण साठवलेला ज्वलनशील वायू जितका कमी तितका धोका कमी, हे साधं सूत्र आहे.

पाणी आणि प्रकाश वापरून नेमकं काय करतात?

पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो. यातले हायड्रोजन अणू थेट सेंद्रिय रेणूकडे सरकवता आले, तर मध्ये वायू बनवायची, दाबायची आणि वाहून न्यायची गरजच उरत नाही. अडचण अशी की हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा बंध फार मजबूत असतो. तो तोडायला ऊर्जा लागते. ती प्रकाशातून मिळवायची, अशी ही कल्पना आहे.

जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठात आर्मिदो श्टुडर यांच्या गटाने २०२३ मध्ये 'नेचर' या शोधपत्रिकेत अशी एक पद्धत मांडली. त्यांनी फॉस्फिन नावाचं फॉस्फरसयुक्त संयुग, प्रकाश शोषणारा उत्प्रेरक आणि एलईडी दिव्यांचा प्रकाश वापरला. प्रकाश पडल्यावर फॉस्फिन पाण्याच्या रेणूला पकडतं आणि त्या जोडीतला बंध इतका सैल होतो की हायड्रोजन अणू सुटून सेंद्रिय रेणूला जाऊन चिकटतात. हायड्रोजन वायूची टाकी कुठेच लागत नाही.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या कर्टिस बर्लिंगेट यांच्या गटाने २०१८ मध्ये वेगळा मार्ग दाखवला होता. त्यांनी पॅलेडियमचा पातळ पत्रा पडद्यासारखा वापरला. पत्र्याच्या एका बाजूला विजेच्या मदतीने हायड्रोजन अणू तयार होतात. ते धातूतून झिरपत दुसऱ्या बाजूला जातात आणि तिथल्या सेंद्रिय रेणूला जोडले जातात. इथे प्रकाश थेट लागत नाही, पण सौर पॅनेलची वीज वापरता येते.

याशिवाय टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या पदार्थांच्या भुकटीवर प्रकाश टाकून नायट्रो संयुगांचं अमिनो संयुगांत रूपांतर करण्याचे प्रयोग अनेक प्रयोगशाळांत झाले आहेत.

मग ऑक्सिजनचं काय होतं?

या तंत्राबद्दल विचारायचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. पाण्यातून हायड्रोजन काढून घेतला की ऑक्सिजन मागे उरतो. तो कुठेतरी जायलाच हवा. कोणतीही पद्धत किती हिरवी आहे, हे बहुतांशी या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं.

म्युन्स्टरच्या पद्धतीत हा ऑक्सिजन फॉस्फिन स्वतःकडे घेतं आणि त्याचं फॉस्फिन ऑक्साइड होतं. एकदा तसं झालं की ते पुन्हा सहज वापरता येत नाही. ट्रायफिनाइलफॉस्फिन हे नेहमीच्या वापरातलं फॉस्फिन धरून हिशेब केला, तर १ किलो हायड्रोजन जोडताना सुमारे १३९ किलो फॉस्फिन ऑक्साइड मागे राहतं. प्रयोगशाळेत काही ग्रॅम औषधी रेणू बनवताना हे चालून जातं. टनांच्या उत्पादनात तो घनकचऱ्याचा ढीग होतो.

टायटॅनियम डायऑक्साइडच्या अनेक प्रयोगांत त्याच भूमिकेसाठी अल्कोहोल किंवा अमाइन घातलं जातं. प्रत्यक्षात अनेकदा हायड्रोजन पाण्यापेक्षा या घातलेल्या पदार्थातूनच येतो. पाणी नुसतं द्रावक म्हणून असतं. 'पाण्यात केलेलं हायड्रोजनेशन' आणि 'पाण्यापासून केलेलं हायड्रोजनेशन' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा प्रश्न नवा नाही. अॅनिलीन बनवण्याच्या जुन्या पद्धतीत लोखंडाचा कीस आणि आम्ल वापरत. त्या प्रक्रियेतही अॅनिलीनला जोडले जाणारे हायड्रोजन अणू पाण्यातूनच येत आणि ऑक्सिजन लोखंड घेत असे. कागदावरच्या हिशेबानेही १ टन अॅनिलीनमागे पावणेदोन टनांहून अधिक लोखंडी गाळ निघतो. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची ती पद्धतही 'पाण्यापासून हायड्रोजनेशन'च होती, पण तिला कुणी हिरवी म्हणत नाही. उद्योग हायड्रोजन वायूकडे वळण्यामागे या गाळातून सुटका हेही एक मोठं कारण होतं.

स्वच्छ उत्तरं दोनच आहेत. एक तर ऑक्सिजन वायूच्या रूपात हवेत सोडून द्यायचा, जसं विजेने पाण्याचं विघटन करताना होतं. किंवा त्याच उपकरणाच्या दुसऱ्या टोकाला उपयोगी पदार्थ बनवायचा. बर्लिंगेट यांच्या प्रयोगात एका बाजूला हायड्रोजनेशन होत होतं, तर दुसऱ्या बाजूला एका अल्कोहोलपासून सुगंधी द्रव्यांत लागणारं अॅल्डिहाइड तयार होत होतं. त्या प्रयोगाचं खरं वेगळेपण यातच होतं.

प्रकाश आणि वीज कुठून येणार?

सूर्यप्रकाश फुकट आहे, पण रासायनिक कारखाना रात्री आणि पावसाळ्यातही चालतो. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर आकाश ढगाळ असतं. म्हणून बहुतेक संशोधक एलईडी दिवे वापरतात. तिथे विजेचा प्रश्न येतो.

पाण्याच्या विघटनातून १ किलो हायड्रोजन मिळवायला साधारण ५० युनिट वीज लागते. भारतातल्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे ग्रिडची वीज वापरून बनवलेल्या १ किलो हायड्रोजनमागे सुमारे ३५ किलो कार्बन डायऑक्साइड. नैसर्गिक वायूच्या पद्धतीच्या तिपटीहून अधिक. डहाणूतच ५०० मेगावॉटचं कोळशावर चालणारं वीज केंद्र आहे. अशा विजेवर दिवे लावून 'हिरवं' हायड्रोजनेशन केलं, तर कारखान्यातला धूर फक्त वीज केंद्राच्या चिमणीकडे सरकतो.

दुसरी अडचण अभियांत्रिकीची आहे. रसायनांचं मिश्रण बहुतेक वेळा गडद रंगाचं असतं आणि त्यात प्रकाश काही मिलिमीटर किंवा फार तर काही सेंटिमीटर शिरतो. हजारो लिटरच्या पोलादी रिअॅक्टरच्या मध्यापर्यंत तो पोहोचत नाही. त्यामुळे मिश्रण बारीक पारदर्शक नळ्यांतून वाहतं ठेवून त्यावर प्रकाश पाडावा लागतो. असे 'फ्लो रिअॅक्टर' उपलब्ध आहेत, पण ते महाग आणि महत्त्वाच्या रसायनांसाठीच आज परवडतात.

पाणी किती लागेल?

पालघर जिल्ह्यात हा प्रश्न नाजूक आहे. सूर्या प्रकल्पाचं धरण जिल्ह्यातल्या आदिवासी भागात आहे. मिरा-भाईंदर आणि वसई-विरार या शहरांसाठी या प्रकल्पातून दररोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी नेण्याची योजना आखली गेली. जिथे धरण झालं तिथल्या शेतांना पाणी पुरत नाही आणि शहरांना मात्र ते जातं, ही इथली जुनी तक्रार आहे. आता पाण्यापासून रसायनं बनवायची म्हटल्यावर शंका येणं स्वाभाविक आहे.

पण इथे आकडे दिलासा देणारे आहेत. १ किलो हायड्रोजनसाठी प्रत्यक्ष फक्त ९ लिटर पाणी खर्ची पडतं. १ टन अॅनिलीनला पुरेल एवढा हायड्रोजन पाण्यातून काढायचा, तर ५८० लिटरच्या आसपास. पाणी शुद्ध करताना आणखी काही वाया जातं, तरी हा आकडा लहानच राहतो. रासायनिक कारखान्यात खरं पाणी लागतं ते रिअॅक्टर आणि उत्पादन धुण्यासाठी, थंड करण्यासाठी आणि वाफेसाठी. कच्चा माल म्हणून लागणारं पाणी ही काळजीची गोष्ट नाही. घाण होऊन बाहेर पडणारं पाणी ही आहे.

तारापूरला याचा फायदा होईल का?

तारापूरची मुख्य समस्या हायड्रोजन नसून सांडपाणी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत सर्वाधिक प्रदूषित ठरलं होतं. किनाऱ्यावरच्या मांगेला समाजाच्या परिषदेने सांडपाण्याविरोधात राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभराहून अधिक कारखान्यांवर मिळून सुमारे १६० कोटी रुपयांची आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर ९० कोटींहून अधिक भरपाईची आकारणी केली. मासेमारांची तक्रार समुद्रात आणि खाडीत जाणाऱ्या पाण्याबद्दल होती.

त्यामुळे नवं तंत्र या पट्ट्यासाठी कामाचं आहे की नाही, हे ठरवायचा निकष सोपा आहे. त्यातून सांडपाणी आणि घनकचरा कमी होतो की वाढतो? वायूचे सिलिंडर गेले पण फॉस्फिन ऑक्साइडचे पिंप आले, तर कामगाराचा धोका कमी होईल आणि मासेमाराचा वाढेल. ऑक्सिजन वायू म्हणून बाहेर पडणारी पद्धत असेल आणि तिला नवीकरणीय वीज मिळाली, तर दोघांचाही फायदा होईल.

छोट्या कारखान्यांच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा आहे. उच्च दाबाची हायड्रोजन यंत्रणा नीट बसवणं त्यांना महागात जातं. साध्या दाबावर आणि कमी तापमानात चालणारी, गरजेपुरताच हायड्रोजन तयार करणारी उपकरणं त्यांच्यासाठी मोलाची ठरू शकतात. पॅलेडियम महाग आहे, पण पत्रा पुन्हा पुन्हा वापरता येतो.

सुरुवात महागड्या रेणूंपासून होण्याची शक्यता अधिक आहे. उदाहरणार्थ, साध्या पाण्याऐवजी जड पाणी वापरलं तर रेणूला हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम जोडता येतं. अशा औषधांचा शरीरात होणारा ऱ्हास काही वेळा मंदावतो. ड्युटेरियमयुक्त पहिल्या औषधाला अमेरिकेत २०१७ मध्ये मंजुरी मिळाली. जड पाणी महाराष्ट्रात परकं नाही. रायगड जिल्ह्यातल्या थळला ते बनतं आणि तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्ट्यांत ते वापरलं जातं.

सरकारी धोरणात याला जागा आहे का?

थोडी आहे. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद आहे. यातले १७,४९० कोटी हायड्रोजन आणि इलेक्ट्रोलायझरच्या उत्पादनाला प्रोत्साहन देण्यासाठी, तर संशोधन आणि विकासासाठी ४०० कोटी, म्हणजे सुमारे २ टक्के. महाराष्ट्रानेही जुलै २०२३ मध्ये ८,५६२ कोटी रुपयांचं हरित हायड्रोजन धोरण आणलं.

दोन्हीकडे भर आहे तो खत, तेलशुद्धीकरण, पोलाद आणि वाहतूक यांना लागणाऱ्या मोठ्या प्रमाणातल्या हायड्रोजनवर. तारापूरसारख्या वसाहतीतल्या लहान कारखान्यांना लागणारा थोडा, पण रोजचा हायड्रोजन या चित्रात फारसा दिसत नाही. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था या दोन्ही संस्था उत्प्रेरक आणि हायड्रोजनवर दीर्घकाळ काम करत आल्या आहेत. हे काम वसाहतीत चाचणीपर्यंत नेणारा दुवा मात्र अजून कमकुवत आहे.

रानशेतसारख्या गावांनी काय लक्षात ठेवावं?

डहाणूचं संरक्षण उद्योगांच्या वर्गवारीवर उभं आहे. जून १९९१ च्या अधिसूचनेनुसार तालुक्यात उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकर जमीन वापरता येते आणि 'लाल' गटातल्या, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणकारी उद्योगांना मनाई आहे. अंमलबजावणीवर लक्ष ठेवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डिसेंबर १९९६ मध्ये प्राधिकरण नेमलं गेलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी दोन दशकांहून अधिक काळ त्याचं अध्यक्षपद सांभाळलं.

उद्या एखादा उद्योग 'आम्ही फक्त पाणी आणि प्रकाश वापरतो, म्हणून आम्ही हिरव्या गटात' असा दावा घेऊन आला, तर तो तपासायचा कसा? प्रक्रियेत पाणी वापरलं म्हणून कारखाना हिरवा होत नाही. नायट्रोबेंझिन विषारीच राहतं, अॅनिलीनही विषारीच राहतं. हायड्रोजन पाण्यातून आला म्हणून त्यांचा धोका कमी होत नाही.

जनसुनावणीत किंवा ग्रामसभेत अशा प्रकल्पाला विचारायचे प्रश्न रसायनशास्त्राची पदवी नसतानाही विचारता येतात. हायड्रोजन खरंच पाण्यातूनच येतो का? ऑक्सिजन कुठे जातो, आणि तो घेणाऱ्या पदार्थाचं पुढे काय होतं? वीज कोणती? १ टन मालामागे किती किलो घनकचरा आणि किती लिटर सांडपाणी निघतं, आणि ते मोजतं कोण?

या चार प्रश्नांची आकड्यांत उत्तरं मिळाली, तर पाणी आणि प्रकाशाचं हे तंत्र तारापूर आणि वापीच्या कारखान्यांत, म्हणजे जिथे ते सर्वांत आधी हवं आहे तिथे, मोठी सुधारणा ठरू शकतं. आणि तिथला धोका कमी झाला, तर त्याचा लाभ तिथे कामाला जाणाऱ्या डहाणू-तलासरीच्या कामगारांनाही मिळेल.